गाडीचा एसी हवा फेकतो, पण थंड करत नाही : दहावीच्या 'उष्णता' पाठातून शोधलेलं उत्तर



दहावी विज्ञान भाग १ मधला 'उष्णता' हा पाठ शिकवताना अप्रकट उष्मा आला की वर्गात एक ठरलेली शांतता पसरते. व्याख्या पाठ होते, आलेख काढता येतो, पण "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं तर आपण बर्फ आणि वाफ यांच्या पलीकडे फारसे जात नाही. यंदाच्या मे महिन्यात मला या पाठाचं एक चालतं-फिरतं उदाहरण मिळालं. फुकट मिळालं नाही. एका लेकराला उन्हाचा त्रास झाला आणि बत्तीस हजारांचा खर्च थोडक्यात टळला. म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे, ज्यांची मुलं व्हॅनने शाळेत जातात, किंवा सुट्टीत ट्रॅव्हलर ठरवून जे देवदर्शनाला जातात, त्यांनाही हे उपयोगी पडावं.

झालं असं. माझे दीर लातूरला असतात. त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅराव्हॅन करून घेतली : मागे दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे घोळत होतं. मागच्या भागात छतावर घरगुती वीज लागणारा एसी आहे, पण तो गाडी उभी असताना, बाहेरून वीज मिळाली तरच चालतो. गाडी धावताना सगळी भिस्त पुढच्या डॅशबोर्डमधल्या एसीवर. ट्रॅव्हलरला मुळात प्रवाशांसाठी इंजिनवर चालणारा मागचा एसी होता, पण फर्निचर बसवताना तो काढून टाकला होता. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही सात जण नांदेडहून माहूरला निघालो. सकाळी उशीरच झाला. भोकरपर्यंत पुढच्या जाळ्यांतून चांगली गार हवा येत होती. सासूबाई तर "बंद करा रे, कान गार पडले" म्हणाल्या. हिमायतनगरच्या पुढे ऊन चढलं. किनवट सोडून चढणीचा रस्ता लागला, पुढे एक लोड भरलेला ट्रक, वेग पंधरा-वीसवर आला आणि पाच मिनिटांत जाळीतून येणारी हवा कोमट झाली. ब्लोअर पूर्ण जोरात, आवाज मोठा, पण गारवा नाही. मागच्या पलंगावर बसलेली माझी पुतणी, दुसरीत आहे, तिचा चेहरा लाल झाला, ती गप्प झाली आणि मग तिला उलटी झाली. झाडाखाली गाडी थांबवली, ओल्या पंच्याने अंग पुसलं, वारा घातला, थोडं थोडं ओआरएस पाजलं. अर्ध्या तासाने ती बोलायला लागली, तेव्हा जाऊबाईंच्या जिवात जीव आला.

लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा खूप लवकर तापतं. हा फरक तिप्पट ते पाचपट सांगितला जातो. म्हणून 'एसी जरा कमी करतोय, पुढं बघू' हे वाक्य मे महिन्यात लेकरं सोबत असताना म्हणू नये. मूल गुंगीत गेलं, असंबद्ध बोलू लागलं, तापलेलं अंग थंड होत नसेल तर १०८ ला फोन लावायचा. गुंगीतल्या मुलाला पाणी पाजायचं नाही. एवढं सांगून मूळ विषयाकडे येते.

एसी 'थंडी' तयार करत नाही

इथूनच गोंधळ सुरू होतो. मुलांना विचारा, एसी काय करतो? उत्तर येतं, "थंड हवा सोडतो." खरं म्हणजे तो उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालासारखं काम आहे. हमाल थकला, वाट अडली, ओझं टाकायला जागा उरली नाही किंवा ओझंच फार झालं, यांपैकी काहीही झालं तरी आपल्याला दिसतं ते एकच : 'एसी कमी करतोय'. म्हणून नुसत्या तक्रारीवरून दोष कळत नाही.

हा हमाल म्हणजे बंद नळ्यांत फिरणारा गॅस. बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए असतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला हा द्रव उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. दाब वाढवला की उत्कलनबिंदू वर जातो. आपल्या प्रेशर कुकरचं तत्त्व, दुसरं काही नाही. डॅशबोर्डच्या आत जी जाळीदार पेटी असते, तिला मिस्त्री लोक 'कूलिंग कॉइल' म्हणतात. तिथे दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे द्रव शून्याच्या जरासं वरच्या तापमानाला उकळतो. उकळायला उष्णता लागते. ती तो गाडीतल्या हवेकडून घेतो. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. एक किलो आर-१३४ए तिथे सुमारे २०० किलोज्यूल घेऊन जातो.

इथे एखादा हुशार विद्यार्थी अडवतो : "मॅडम, पाण्याचा अप्रकट उष्मा २२६० आहे. मग पाणीच का नाही वापरत?" प्रश्न उत्तम आहे. पाणी दोन-तीन अंशांना उकळवायचं तर जवळजवळ निर्वात पोकळी लागेल, आणि तेवढ्या विरळ वाफेसाठी कॉम्प्रेसर गाडीएवढा करावा लागेल. म्हणून प्रत्येक फेरीत कमी ओझं उचलणारा, पण भराभर फेऱ्या मारणारा हमाल निवडलाय. गाडीतला सहा-सातशे ग्रॅम गॅस जोरात काम असताना मिनिटाला साधारण दोन फेऱ्या मारतो.

वाफ झालेला गॅस कॉम्प्रेसर ओढतो आणि दाबतो. दाबल्यावर तो तापतो. सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं तसा. मग तो रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो आणि बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो.

आता नांदेडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. बाहेरची हवा ४२-४३ अंश, डांबराजवळ त्याहून जास्त. उष्णता गरमकडून थंडकडेच वाहते, त्यामुळे कंडेन्सरमधल्या गॅसला बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावंच लागतं, समजा ६० अंश. ६० अंशांना आर-१३४एचा दाब गेजवर सुमारे २३० पीएसआय दिसतो. कंडेन्सरवरून पुरेशी हवा वाहिली नाही तर तो ७०, ८० अंशांवर जातो आणि दाब साडेतीनशेच्या पलीकडे. मग कॉम्प्रेसर ठेचकाळत चालतो किंवा सुरक्षेचा स्विच त्याला बंद करतो. महाबळेश्वरला निमूट चालणारा एसी आपल्याकडे मान टाकतो तो इथेच. दोष तोच असतो, पण थंड गावात तो झाकून जातो.

मिस्त्रीकडे जाण्याआधी दोन प्रश्न

पहिला : हवा कमी येते की गारवा कमी आहे? जाळीसमोर तळहात धरा. हवाच क्षीण असेल तर गॅस, कॉम्प्रेसर यांचा विचार लगेच करूच नका. केबिनचा फिल्टर मातीने भरलाय का ते बघा. तो बहुतेक गाड्यांत समोरच्या सामानाच्या कप्प्यामागे असतो. सोयाबीन, तुरीच्या मळणीच्या दिवसांत खेड्यांतून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर एका हंगामात गोधडीसारखा होतो. काही जुन्या व्यावसायिक गाड्यांना फिल्टरच नसतो, मग तीच धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि ओली होऊन थापली जाते. आंबट कुबट वास येत असेल तर हेच समजा. सुरुवातीला हवा जोरात, तासाभराने क्षीण, आणि एसी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा जोरात, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. तिथला तापमानाचा सेन्सर तपासायला सांगा.

दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा : कधी कमी करतो? वैद्य विचारतात ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी, तसा. मोकळ्या रस्त्यावर गार आणि सिग्नलला, चढणीला, ट्रकमागे अडकल्यावर कोमट, तर संशय कंडेन्सर आणि त्याच्या पंख्यावर. कारण वेगात असताना रस्त्यावरचं वारंच पंख्याचं काम करत असतं. सदासर्वकाळ कोमट आणि कॉम्प्रेसरची 'टक-टक' दर काही सेकंदांनी ऐकू येते, तर बहुधा गॅस कमी आहे. वीस मिनिटं छान, मग अचानक गरम, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा छान, आणि यात हवेचा जोर मात्र कायम, तर नळ्यांत ओल शिरली असावी. ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठून वाट अडवते. एसी लावताच किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा घसरतोय. आणि एकीकडची जाळी गार, दुसरीकडची कोमट असेल तर डॅशबोर्डमधली एखादी झडप किंवा सुटलेली नळी बघा. काही गाड्यांत गॅस कमी असल्याचंही ते लक्षण असतं.

आमचं उत्तर या दुसऱ्या प्रश्नातच होतं. भोकरपर्यंत गार, चढणीला गरम. पण तेव्हा आम्ही कुणी तसा विचार केला नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, मीही नाही!

'गॅस गेली, भरून घ्या'

परत आल्यावर दिरांनी गाडी एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने गेजसुद्धा न लावता निदान केलं : "गॅस कमी झाली." अडीच हजारांत गॅस टाकला. दुसऱ्या दिवशी एसी आधीपेक्षा वाईट. मग सांगण्यात आलं की कॉम्प्रेसर गेला, बत्तीस हजार लागतील.

इथे दोन गोष्टी पालकांनी नीट समजून घ्याव्यात. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. फिरणारी वस्तू आहे ती. काही वर्षांत रबरी नळ्यांतून अगदी थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. गळतीच्या जागी बहुधा तेलकट, मातकट डाग दिसतो, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. आणखी एक : हवेत गेलेला आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनला घातक असलेला आर-१२ मागे पडला आणि हा आला. याने ओझोन वाचला, पण तापमानवाढीचा प्रश्न उरलाच. काही नव्या गाड्यांत आता वेगळाच गॅस असतो, म्हणून बॉनेटखालचा स्टिकर वाचल्याशिवाय कुणाला काही भरू देऊ नका. स्वस्तात मिळतो म्हणून ज्वलनशील गॅस तर मुळीच नको. कॅराव्हॅनमध्ये मागे शेगडी असते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट मला फार आवडते, कारण ती थेट पाठ्यपुस्तकातून येते. एसी बंद असताना गेज लावून "बघा, दाब बरोबर आहे, म्हणजे गॅस भरलेला आहे" असं म्हणणं चूक आहे. बंद टाकीत द्रव आणि त्याची वाफ एकत्र असली की दाब ठरतो फक्त तापमानावर. ४० अंशांना आर-१३४ए सुमारे १३० पीएसआय दाखवणार. आत सातशे ग्रॅम असो की तीनशे ग्रॅम, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर आकडा तोच. घरच्या गॅस सिलिंडरचंही हेच. शेवटच्या दिवसांपर्यंत शेगडीची ज्योत तशीच राहते, आणि मग सणाच्या दिवशी अचानक संपतो. सिलिंडर किती भरलाय हे वजनावरून कळतं. गाडीचंही तसंच : जुना गॅस यंत्राने काढून घ्यायचा, नळ्या निर्वात करायच्या, आणि स्टिकरवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. निर्वात का? तर दाब खूप उतरला की नळ्यांतली ओल नेहमीच्या तापमानाला उकळून वाफ होते आणि पंप ती ओढून काढतो. याला अर्धा तास तरी द्यायला हवा. पाच मिनिटांत 'व्हॅक्यूम झाला' म्हणणाऱ्याकडे चहा मागा आणि बसून राहा.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला तपशील. आमच्या गाडीवरचा स्टिकर होता दोन एसींचा, पुढचा आणि मागचा. मागचा काढून नळ्या बंद केलेल्या. म्हणजे स्टिकरवरचा आकडा आता लागूच नव्हता. तेवढा भरला तर जास्त होणार. गाडीत बदल करून घेतला असेल तर ज्याने केला त्याच्याकडून नवा आकडा लिहून घ्या. आमच्याकडे तो नव्हता. जास्त झालेला गॅस कमी गॅसइतकाच त्रास देतो. कंडेन्सरच्या तळाशी द्रव साचतो, वाफेला थंड व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो.

एक तांब्या पाणी

बत्तीस हजार ऐकून दीर दोन दिवस गप्प होते. मग त्यांच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याने लातूरमधल्या एका वयस्क मिस्त्रींचं नाव सुचवलं. २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, त्यामुळे ट्रकवाल्यांनाही आता हे विषय माहीत असतात. मीही मुद्दाम गेले, सोबत प्रयोगशाळेतला तापमापी घेऊन.

मिस्त्रींनी आधी विचारलं, "कधी कमी करते?" मी मनात म्हटलं, माणूस बरोबर आहे.

गाडी सावलीत उभी करून चालू ठेवली, काचा उघड्या, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण. मधल्या जाळीत तापमापी खोचला : २४ अंश. बाहेर ४१ होते. ठणठणीत गाडीत, आतलीच हवा फिरवत ठेवली तर, एवढ्या उन्हातही मधल्या जाळीला १० ते १५ अंश मिळायला हवेत. गेज लावले. जास्त दाबाची बाजू ३४० च्या वर, कमी दाबाची बाजूही चढलेली. दोन्ही बाजू चढलेल्या, याचा अर्थ उष्णता बाहेर पडत नाहीये किंवा गॅस जास्त झालाय. कॉम्प्रेसर खराब असता तर उलट दिसलं असतं : कमी दाबाची बाजू वर आणि जास्त दाबाची खाली, कारण तो दाबूच शकला नसता. दोन्ही बाजू उतरलेल्या असत्या तर गॅस कमी. एवढं तीन ओळींचं ज्ञान असलं, तरी समोरचा माणूस काय सांगतोय ते ताडता येतं.

मग मिस्त्रींनी एक तांब्या पाणी घेतलं आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू शिंपडलं. मी तापमापीकडे बघत होते. २४... २१... १८... मिनिटभरात १५. गेजचा काटाही खाली आला. पाणी वाळलं तसा तो पुन्हा चढायला लागला.

माठाचंच तत्त्व हे! पाण्याने बाष्प होताना कंडेन्सरची उष्णता उचलली. म्हणजे कॉम्प्रेसर धडधाकट होता, हमाल ओझं दारापर्यंत आणत होता, पण बाहेर टाकायला जागा नव्हती. बत्तीस हजारांचा प्रश्न एका तांब्यात सुटला. तुम्ही करून बघणार असाल तर पाणी पुढूनच, थोडं थोडं; तापलेल्या इंजिनवर, वायरींवर ओतू नका. आणि बॉनेट उघडं असताना ओढणी, पदर, लांब बाह्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर. लेकरं तर दहा फूट लांब. गॅसच्या नळीचं कुठलंही तोंड स्वतः उघडायचं नाही. द्रव गॅस कातडीवर उडाला तर हिमदाह होतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो.

पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, म्हणून आमची फसगत झाली. मिस्त्रींनी तो किंचित पुढे ओढून मागून बॅटरी मारली. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत कापसाचा भुसा, धूळ आणि मेलेल्या किड्यांचा नमद्यासारखा थर जमला होता. ही गाडी आधी जिनिंगच्या भागात फिरायची, त्याचं हे वाणवळं. वर कंडेन्सरच्या पंख्याची अर्थची तार गंजलेली. पंखा फिरत होता, पण सुस्त. फिरतोय म्हणजे चांगला आहे असं आपण धरून चालतो. त्यांनी फटीत मऊ धारेने पाणी मारून थर काढला. जोराची धार मारली तर पातळ पत्र्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते, म्हणून मऊ. तार घासून नवी बसवली. सगळा गॅस काढून घेतला, नळ्या निर्वात केल्या, मग मोजून थोडा थोडा भरत गेज आणि तापमापी दोन्ही बघत थांबले. तो आकडा दिरांनी बॉनेटखाली रंगाने लिहून ठेवलाय.

जाळीत १२ अंश आले. बाहेर अजून ४१ च.

पण ओझंच जास्त असेल तर?

इथे काम संपलं नाही, कारण पुढे गार झालं तरी मागच्या पलंगावर फरक फारसा पडेना. मग आम्ही गणित मांडलं. हे वर्गात नववी-दहावीला जरूर करून घ्या.

एसीचा 'टन' म्हणजे वजन नव्हे. एक टन, तोही २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता उचलण्याचा वेग. बर्फाचा अप्रकट उष्मा ३३४ किलोज्यूल प्रति किलो. गुणा, ८६,४०० सेकंदांनी भागा : साडेतीन किलोवॅट. मुलांना हे उत्तर स्वतः काढलं की फार आनंद होतो.

आता ओझं. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. सात जणांचे ७०० वॅट. पुढच्या मोठ्या काचेतून येणारं दुपारचं ऊन ७००-८०० वॅट सहज. बाहेरची हवा आत घेण्याची झडप उघडी राहिली आणि तासाला २०० घनमीटर हवा ४२ वरून २६ अंशांवर आणायची ठरवली, तर तिलाच साधारण एक किलोवॅट लागतो. आमची ती झडप अर्धवट उघडीच अडकली होती. खटका 'आतली हवा'वर दाखवत होता, पण तार निसटलेली! शिवाय तापलेल्या पत्र्यातून, लांबच लांब छतातून येणारी उष्णता वेगळी, आणि कॅराव्हॅनमध्ये ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असू शकते. डॅशबोर्डचा एसी चालक आणि शेजारच्या सीटपुरता घडवलेला. त्याच्याकडून मागची पूर्ण खोली थंड करण्याची अपेक्षा म्हणजे एका चपातीत पंगत उठवणं.

उपाय साधे निघाले. झडपेची तार जोडली. छताला आतून उष्णतारोधक थर लावला. आणि चालकाच्या सीटमागे सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा दुहेरी पडदा. चढणीच्या वेळी, भर दुपारी पडदा ओढायचा आणि लेकरांना पुढच्या अर्ध्या भागात, अर्थात सीटबेल्टसह, बसवायचं. आधी काचा उघडून दोन मिनिटं गाडी पळवायची, कोंडलेली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, मग काचा बंद आणि आतली हवा फिरवायची. लांबच्या प्रवासात अधूनमधून ताजी हवाही घ्यायचीच. सात माणसांचा श्वास कोंडून ठेवणं बरं नव्हे.

मात्र उन्हात बंद उभ्या गाडीत मूल एक मिनिटही ठेवू नका. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं. 'एसी चालू ठेवून गेलो होतो' हेही चालणार नाही. इंजिन बंद पडलं की एसी बंद.

पाणी टपकत नाही, म्हणजे बिघडला?

हा प्रश्न बऱ्याच पालकांनी विचारलाय, म्हणून दवबिंदूचं दोन शब्दांत. गाडीखाली टपकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ, गार कॉइलवर द्रव झालेली. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असली तर किलोभर हवेत जेमतेम ८ ग्रॅम वाफ असते आणि दवबिंदू १० अंशांच्या आसपास. कॉइल त्याहून थोडीच गार, म्हणून थेंब थेंब. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तीच वाफ २२-२३ ग्रॅम, मग धार लागते. तेव्हा मे महिन्यात गाडीखाली कोरडं दिसलं म्हणून घाबरू नका. उलट पावसाळ्यात धार दिसायला हवी आणि ती गाडीखाली न पडता पायाशी, चटईवर येत असेल तर निचऱ्याची नळी तुंबलीय.

वर्गासाठी एक कृती सुचवते. शाळेच्या व्हॅनवाल्या मामांना विनंती करा आणि मधल्या सुट्टीत गाडी सावलीत उभी करून जाळीतलं तापमान मुलांकडून दर मिनिटाला नोंदवून घ्या; एकदा बाहेरची हवा घेऊन, एकदा आतली फिरवून. आलेख काढू द्या. आमच्याकडे दोन रेषांत सहा अंशांचा फरक आला आणि मामांना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या गाडीचा तो खटका कशासाठी आहे.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा माहूरला गेलो. त्याच चढणीला, योगायोगाने पुन्हा एका ट्रकमागे, पुतणीने तापमापी वाचून ओरडून सांगितलं, "काकू, तेरा!" आणि मग पडद्याला टेकून झोपून गेली.